प्रितेशच्या खळ्यातलं गाऱ्हाणं

पोलीस दूरक्षेत्र, खारबंदर, ता. मालवण
दि. १७/११/२००९

मी, यमुनाबाई गुणाजी मेथर, वय ५४ वर्षे, धंदा मासळी विक्री, राहणार बंदरवाडी, मौजे खारबंदर, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. आज बोलावल्यावरून दूरक्षेत्रात समक्ष हजर आहे आणि विचारलं त्याला उत्तर म्हणून जबाब देते तो असा. जबाब हवालदार लिहीत आहेत. नव्या फौजदार साहेबांनी त्यांना "बाई बोलतील तसंच लिहा" असं माझ्यासमोर सांगितलं, म्हणून मी तोंड उघडलं आहे. नाहीतर या टेबलासमोर बोलून बोलून माझा घसा कोरडा पडला आणि कागदही कोराच राहिला, असं एवढी वर्षं चाललं आहे.

मला विचारण्यात आलं की, रविवारी संध्याकाळी प्रितेश धोंडू कुबल, धंदा मासेमारी, याच्या घरासमोर तुम्ही बेकायदा जमाव जमवला, त्याच्यावर देवस्की, म्हणजे करणी, केली आणि त्याची बायको रूपाली हिला पळवून नेलं, हे खरं काय? त्यावर मी सांगते की, बायका जमवल्या हे खरं. देवस्की केली हे खोटं. आणि पळवून नेलं, ह्या तर चोराच्या उलट्या बोंबा. रूपाली काय कोंबडी आहे, पाटीखाली झाकून न्यायला? हात एक मोडला असला तरी पाय दोन्ही शाबूत आहेत तिचे. ती चालत आली.

आमच्या मंडळाचं नाव काय, असं विचारलं. नाव नाही. लोक आम्हाला गाऱ्हाणेवाल्या म्हणतात, कोणी मागून आणखी काय काय म्हणतात, ते लिहू नका. अध्यक्ष नाही, पाटी नाही. पाटी आहे ती डोक्यावर, मासळीची.

हे काम कसं सुरू झालं, ते विचारलं म्हणून सांगते. मासळीवालीची गावं ठरलेली असतात. माझी गावं आतल्या बाजूची, भात आणि काजू करणाऱ्या लोकांची. आम्ही मागच्या दाराने जातो, चुलीपर्यंत जातो. कोणाच्या घरात काय शिजतं आणि कोण शिजतं, ते आम्हाला कळतं. साल १९९९ मध्ये सावित्री लवू परब या बाईने, माझ्या पाटीत ताजे फडफडीत बांगडे असताना, सुके बांगडे मागितले. मी म्हटलं, "गो, याड लागला काय तुका?" पण सुकी मासळी पाटीच्या तळाला असते. ती काढायची तर पाटी उतरवावी लागते आणि मला खाली बसावं लागतं. मी बसले तेव्हा तिने सासूची नजर चुकवून माझ्याकडे पाठ केली आणि पोलक्याचा गळा मागून खाली ओढून पाठ मला दाखवली. त्या पाठीचं वर्णन मी करत नाही. तुम्ही जेवायचे आहात अजून.

त्यानंतर किती तरी वर्षं सुके बांगडे ही आमची खूण होती. आज सांगते आहे, कारण खूण आता बदलली आहे. नवी सांगणार नाही.

सावित्रीसाठी काय करायचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तिच्या माहेरच्यांनी सांगितलं, पदरात पडलं पवित्र झालं. या दूरक्षेत्रात तेव्हा जे साहेब होते त्यांनी सांगितलं, घरचं घरात मिटवा. मग मी म्हटलं, माणसं ऐकत नाहीत, देवाला सांगूया. नारळी पुनवेला बंदरावर गाऱ्हाणं माझे पती गुणाजी घालतात. ऐकून ऐकून मला शब्द पाठ. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं नाही असा रिवाज आहे म्हणतात. बायकांना मारायचं असा रिवाज आहे काय? असेल तर त्याचा कौल कोणी, कुठल्या देवळात लावून घेतला, ते मला दाखवावं. आम्ही पाच-सहा मासळीवाल्या दिवेलागणीला सावित्रीच्या खळ्यात, म्हणजे घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात, उभ्या राहिलो. शिवी दिली नाही. लवूचं नाव घेऊन, त्याने काय केलं ते सांगून, त्याला बुद्धी दे म्हणून देवाला मोठ्याने सांगितलं. सगळी वाडी बाहेर आली. लवू घरात, तोंड लपवायला जागा नाही. त्यानंतर त्याने हात उचलला नाही. देव पावला की लाज पावली, ते देवाला माहीत.

पुढे हे वाढलं. बाजाराच्या दिवशी एक मासळीवाली दुसरीला सांगते, तिची गावं वेगळी, तिथे तिसरी. ज्यांच्यासाठी गाऱ्हाणं घातलं त्याच पुढच्या वेळी आमच्या बाजूला येऊन उभ्या राहतात. सावित्रीने आपल्या काजूच्या बागेतला मांगर दिला, ज्यांना घरी झोपायची भीती वाटते त्यांच्यासाठी. मांगर म्हणजे कौलारू खोपटंच, पण आतून कडी लागते. त्या मांगराची कौलं आता दर पावसाळ्याआधी लवू स्वतः परततो, हेही लिहा. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई औषधपाणी बघतात. घरातल्या मारहाणीचा नवा कायदा आल्यापासून एक वकीलबाई बाजाराच्या दिवशी येऊन बसतात. आज खाडीपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत आमच्या बायका आहेत. किती, ते मोजलं नाही. एकीला हाक मारली की कळतं.

आमचा एक नियम आहे, तो या तक्रारीत महत्त्वाचा आहे म्हणून नीट लिहावा. आम्ही कोणाच्या दाराला हात लावत नाही, उंबरठा ओलांडत नाही. खळ्यात उभं राहायचं. बाहेर यायचं की नाही ते आतल्या बाईने ठरवायचं.

आता रूपालीचं. गेल्या गुरुवारी आमच्या बंदरावर रापण ओढली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं. तिचा कायदा लहान पोराला माहीत आहे : दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. बाई असो, बाप्या असो. प्रितेश दारू पिऊन पडला होता. रूपाली गेली, दोर ओढला, वाटा घेतला. घरी कालवणापुरते बांगडे ठेवले, बाकीचे मला दिले आणि मुलीला दप्तर आणलं. मुलीचं नाव दिव्या, वय पाच. प्रितेश उठला आणि विचारलं, वाटा कोणाच्या नावाचा? रूपाली म्हणाली, "माझ्या हाताचो." त्याने कोपऱ्यातलं वल्हं उचललं आणि म्हणाला, "मग हातच रवूक नको."

हात कोपराखाली मोडला आहे. उजवा. डॉक्टरांचा कागद वकीलबाईंकडे आहे.

शनिवारी मी रूपालीला घेऊन इथे आले होते. हेच हवालदार होते. त्यांनी विचारलं, "यमुनाबाई, नवऱ्याने मारलं आणि पावसाने झोडपलं तर तक्रार कोणाकडे करायची असते?" आणि हसले. मी म्हटलं, "हवालदारानू, पावसाक छत्री आसा. नवऱ्याक ह्या ठाणा आसा, म्हणान इलंव." तेव्हा त्यांनी सांगितलं की गाव तंटामुक्तीत आहे, आधी तंटामुक्त समितीकडे जा, तिथे मिटलं नाही तर बघू. हवालदार, आता मान खाली घालून लिहू नका, मी खोटं सांगत असेन तर इथेच म्हणा. हवालदारांनी मान आणखी खाली घातली, असं लिहावं.

समितीचे अध्यक्ष गुरुदास कुबल. हे प्रितेशचे सख्खे काका. चोरालाच चावी दिली म्हणायची. पुढच्या महिन्यात तालुक्याचे लोक गाव बघायला येणार, गावात तंटा नाही असं दिसलं तर बक्षीस मिळणार. गुरुदासने मला रस्त्यात गाठून सांगितलं, "यमुनाकाकी, गाव तंटामुक्त होवूक इलो, आणि तुमी तंटो उकरून काढतास?" मी म्हटलं, "गुरुदास, तंटो नाय म्हणतस, मग तो गेलो खंय? रूपालीच्या हातात जावन बसलो. तोंडा बंद केली म्हणान तंटो सोपता काय रे?" त्यावर त्याने झाकली मूठ सव्वा लाखाची असं काहीतरी सांगितलं. मूठ झाकायला आधी हात धड असावा लागतो.

रविवारी सकाळी देवळात समेट झाला. समेट म्हणजे काय, तर प्रितेशने नारळ ठेवला, रूपालीला साडी दिली आणि समितीने फोटो काढला. फोटो काढताना गुरुदासने सांगितलं, "सूनबाय, हात पदराखाली घे, बरा दिसणा नाय." पदर घ्यायला दुसऱ्या बाईने मदत केली, कारण उजवा हात प्लॅस्टरमध्ये आणि डाव्या हातात दिलेली साडी. मी देवळाच्या पायरीवर होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवासमोर होते म्हणून गप्प राहिले. तो फोटो आता गावाच्या फाईलला लावणार आहेत, तंटा मिटवल्याचा पुरावा म्हणून.

दुपारी घरी गेल्यावर प्रितेशने दाराला आतून कडी घालून तिला घरात कोंडलं, समितीपुढे रडलीस म्हणून. शेजारणीने मला कळवलं. शेजारणीचं नाव सांगणार नाही. मी बायकांना हाक मारली. बंदरावरच्या आल्या, आतल्या गावांतून सावित्री आणि तिच्या बायका टेम्पोने आल्या. दिवेलागणीला आम्ही प्रितेशच्या खळ्यात उभ्या राहिलो.

देवस्की केली असा आरोप आहे, म्हणून गाऱ्हाणं जसं घातलं तसं सांगते. आमच्याच भाषेत लिहा.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा! आज ह्या खळ्यात तुझी लेकरा उभी आसत. ह्या घरच्या सुनेचो हात मोडलो हा. कोणी मोडल्यान ता तुका म्हायती आसा, आमका म्हायती आसा, ह्या वाडयेक म्हायती आसा!"

बायकांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"ह्या प्रितेशाक बुद्धी दी. बुद्धी दिवक नसात तर लाज दी. लाजय नसात, तर तेका कायद्याच्या हातात दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एवढंच. यात लिंबू नाही, मिरची नाही, कोंबडा नाही. यात देवस्की कुठे आहे ते प्रितेशने दाखवावं. समोरच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाप्यानेही शेवटी "व्हय म्हाराजा" म्हटलं. त्याचंही नाव सांगत नाही, नाहीतर उद्या त्यालाही बोलावून घ्याल.

त्यानंतर आतून कडी निघाली. रूपालीने ती डाव्या हाताने कशी काढली ते तिलाच माहीत. ती बाहेर आली. दिव्या तिच्या मागोमाग येत होती. सासूने पोरीला फ्रॉकला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. रूपाली दारावर पडली, "माझा चेडू देवा, माझा चेडू देवा," म्हणून पोर परत मागत राहिली. आतून पोरीचा आवाज आला नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं. आम्ही दाराला हात लावला नाही. इतकी वर्षं पाळलेल्या त्या नियमाचा मला तेव्हा जेवढा संताप आला, तेवढा जन्मात कशाचा आला नाही. आमच्यातल्या दोघी-तिघी दार फोडायला निघाल्या होत्या, त्यांना मीच धरून ठेवलं. फोडलं असतं तर आज आमच्यावरचा आरोप खरा ठरला असता आणि पोरगी त्यांच्याकडेच राहिली असती.

सोमवारी प्रितेश आणि गुरुदास इथे आले. त्यांना आधी समितीकडे जा असं कोणी सांगितलं नाही. तक्रार लगेच घेतली. चहाही आला, असं ऐकते. बायकोचा हात मोडला तर तंटा नाही, नवऱ्याची अब्रू गेली की मात्र तंटा? हा कुठला न्याय, ते मला समजावून सांगा. मी चौथीपर्यंत शिकले आहे, हळू सांगितलं तर समजेल.

त्याच दिवशी गुरुदासकडून रूपालीला निरोप आला. मुलगी पाहिजे तर गुपचूप घरी ये आणि हात घसरून पडल्याने मोडला असं लिहून दे. रविवारपासून रूपालीच्या पोटात अन्न नाही. आज सकाळी तिने मला सांगितलं, "काकी, सांजपर्यंत चेडू गावला नाय, तर मी जातंय. काय लिवन देवचा ता देतंय. मार खायन. पण तेका एकट्याक थंय ठेवूचंय नाय." ती जाणार. तिला मी ओळखते. आणि ती गेली की पुन्हा बाहेर येणार नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून सांगते, माझ्यावर काय गुन्हा लावायचा तो लावा, कोठडीत घालायचं तर घाला, मासळीचा वास तुम्हालाच येईल. पण पोरगी संध्याकाळच्या आत आईजवळ आली पाहिजे. मी त्यासाठी आले आहे, माझ्या बचावासाठी नाही.

रूपाली कुठे लपवली आहे, असं मला सकाळपासून पुन्हा पुन्हा विचारलं. तिला शोधायला जीप आतल्या गावांत गेली, सावित्रीच्या मांगरात शिरली, काजूच्या बागेत काठ्या आपटून आली. त्यावर मी सांगते की, रूपाली सकाळी त्या मांगरातून निघून माझ्या आणि सावित्रीच्या बरोबर एसटीने इथे आली. ती तुमच्याच ओसरीवर, पाण्याच्या माठाशेजारी बसली आहे. जीपवाले तिच्या पायांवरून ओलांडून गेले. हाताला प्लॅस्टर, डोळ्याखाली काळंनिळं, आणि एकानेही विचारलं नाही की बाई, तू कोण?

हे ऐकून फौजदार साहेब उठून बाहेर गेले. त्यांनी रूपालीला नाव विचारलं. ती उभी राहिली आणि नाव सांगितलं. साहेब आत आले, हवालदारांना काय बोलले ते मी सांगत नाही, हवालदारांच्या लेकी-सुनांसमोर ते जायला नको. मालवणहून महिला पोलीस मागवली. ती आल्यावर जीप प्रितेशच्या घरी गेली, बरोबर सावित्री गेली. जबाब इथे थांबवला होता.

पुढचा मजकूर जीप परत आल्यानंतर सांगत आहे. सावित्री सांगते की सासूने मुलगी झोपली आहे म्हणून सांगितलं. मुलगी दाराआडच उभी होती. प्रितेश मागच्या दाराने गेला, तो अजून सापडला नाही. गुरुदास जीपच्या मागोमाग मोटारसायकलने इथे आला आणि "साहेब, गावाचं नाव खराब होईल," असं म्हणाला. साहेबांनी त्याला बाहेर उभं केलं आहे.

दिव्याला महिला पोलिसांनी कडेवरून खाली ठेवलं. ती आईकडे धावली नाही. लांबूनच बघत राहिली. मी म्हटलं, "जा गो बाय, आवस ती तुझी." तेव्हा ती हळूहळू गेली आणि रूपालीच्या गालाला एक बोट लावून बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आजी सांगता, तू मेलंस."

रूपाली म्हणाली, "नाय गो. मी आसंय."

हे लिहू काय, असं हवालदारांनी मला विचारलं. मी लिहा म्हटलं. त्यांचा पेन चालेना, तेव्हा साहेबांनी आपला दिला.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये एके ठिकाणी "किरकोळ घरगुती वाद" असं लिहिलं होतं, ते शब्द माझे नव्हते, ते खोडायला लावले. बाकी सर्व मी सांगितलं तसं आहे, खरं आहे, आणि कोणाच्या धाकाने दिलेलं नाही. सही करून मी या खुर्चीवरून उठते आहे. आता इथे रूपाली बसेल. तिची तक्रार नव्या कागदावर घ्या. उजवा हात चालत नाही, डाव्याचा अंगठा घ्या.

जबाब देणार,
यमुनाबाई गुणाजी मेथर